गोदामातला रोबोट माल वेचत नाही

अ‍ॅमेझॉनने जुलै 2025 मध्ये आपल्या गोदामांतील रोबोटांची संख्या 10 लाखांवर गेल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्याचा आशय असा : या गोदामांत आता रोबोटच ऑर्डरचा माल वेचतात, ते स्वतःच्या बुद्धीने वाट काढतात, माणसांची गरज जवळपास संपली आहे, जी उरली आहेत त्यांचे काम हलके आणि सुरक्षित झाले आहे, आणि दोन-तीन वर्षांत भिवंडीतही हेच होणार. यातला 10 लाखांचा आकडा बरोबर आहे. त्यावर रचलेली विधाने मात्र एकेक करून तपासायला हवीत.

रोबोट माल वेचतात, हे पहिले विधान. अ‍ॅमेझॉनने 2012 मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी 77.5 कोटी डॉलरना घेतली आणि तिच्या यंत्रांवर पुढची सारी व्यवस्था उभी केली. ही बुटकी, चपटी यंत्रे मालाने भरलेल्या मांडणीखाली शिरतात, ती जमिनीपासून थोडी उचलतात आणि कामगारापुढे आणून उभी करतात. कामगार जागचा हलत नाही. कोणत्या कप्प्यात हात घालायचा ते वरून पडणारा उजेड दाखवतो, पडद्यावर वस्तूचे चित्र आणि नग दिसतात. त्या कप्प्यात फोनचे कव्हर, शाम्पूची बाटली, मुलांचे पुस्तक आणि प्लास्टिकच्या पिशवीतले मोजे दाटीवाटीने कोंबलेले असतात, कारण निरनिराळ्या वस्तू एकत्र ठेवणे हीच तिथली पद्धत आहे. कामगार हवी ती वस्तू चाचपून बाहेर काढतो, स्कॅन करतो, क्रेटमध्ये टाकतो, आणि मांडणी निघून जाते. म्हणजे रोबोटने वाचवली ती चाल. जिथे माल हातांनी वेचला जातो, त्या गोदामात पिकरचा, म्हणजे माल वेचणाऱ्या कामगाराचा, साधारण निम्मा वेळ चालण्यात जातो, असे या विषयाची पाठ्यपुस्तके सांगतात. तेव्हा ही बचत लहान नाही, पण तिला वेचणी म्हणता येत नाही.

चाचपून वस्तू काढणे यंत्राला किती जड जाते, हे अ‍ॅमेझॉनला चांगले ठाऊक आहे. त्यासाठी कंपनीने 2015 मध्ये सिअ‍ॅटल, 2016 मध्ये लाइपझिग आणि 2017 मध्ये नागोया येथे विद्यापीठांच्या चमूंसाठी स्पर्धा घेतल्या. मे 2025 मध्ये तिने स्पर्शाची जाणीव असलेला व्हल्कन नावाचा रोबोट पुढे आणला. कंपनीच्याच म्हणण्यानुसार तो सुमारे तीन चतुर्थांश प्रकारच्या वस्तू हाताळतो, त्याच्याकडे प्रामुख्याने मांडणीचे सर्वांत वरचे आणि खालचे कप्पे दिलेले आहेत, आणि त्याला जमले नाही तर तो माणसाला बोलावतो. ही प्रगती खरी आहे. तथापि 10 लाखांच्या आकड्यात असे हात फार थोडे आहेत.

दुसरे विधान स्वतःच्या बुद्धीचे. किवाच्या वंशातली यंत्रे जमिनीवर ठरावीक अंतराने चिकटवलेल्या खुणा वाचत जातात, कोणी कुठून जायचे ते मध्यवर्ती प्रणाली ठरवते, आणि ती जागा कुंपण घालून माणसांपासून वेगळी ठेवलेली असते. एखादी बाटली मांडणीवरून खाली पडली, तर ती उचलायला जाणारा कामगार संवेदक बसवलेले जाकीट घालून आत शिरतो आणि आसपासचे रोबोट वेग कमी करतात. माणसांमध्ये मोकळेपणाने फिरू शकणारा आपला पहिला रोबोट म्हणून अ‍ॅमेझॉनने प्रोटियस दाखवला तो जून 2022 मध्ये, म्हणजे किवा घेतल्यानंतर दहा वर्षांनी. ज्यांना काटेकोर अर्थाने स्वायत्त म्हणावे, अशी यंत्रे तोवर दुसरीकडे वाढत होती. अ‍ॅमेझॉनने किवाची यंत्रे इतरांना देणे थांबवल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या क्वाएट लॉजिस्टिक्स या तिच्या ग्राहक कंपनीने स्वतःची यंत्रे बनवायला घेतली आणि त्यातून लोकस रोबोटिक्स निघाली. हे रोबोट लेझरने भोवतालचा नकाशा धरून ठेवतात, कुंपणाशिवाय रॅकच्या गल्ल्यांत फिरतात आणि योग्य कप्प्यापाशी क्रेट घेऊन थांबतात. तिथेही कप्प्यात हात घालतो तो माणूसच.

माणसे संपली, हे विधान सर्वांत जास्त पसरले आहे, आणि त्याला दिले जाणारे नेहमीचे उत्तरही तितकेच ढिले आहे. 2011 च्या अखेरीस अ‍ॅमेझॉनकडे सुमारे 56 हजार कर्मचारी होते, 2021 च्या अखेरीस सुमारे 16 लाख. म्हणून रोबोटांमुळे रोजगार वाढला, असे काही जण सांगतात. या आकड्यांत कार्यालये आणि संगणकसेवाही येतात, आणि वाढ झाली ती मुख्यतः विक्री फुगल्यामुळे. शिवाय 2021 नंतर रोबोटांची संख्या दुपटीहून अधिक झाली, तर कर्मचाऱ्यांची संख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास थबकली. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे असे वृत्त दिले की, 2033 पर्यंत अन्यथा कराव्या लागणाऱ्या 6 लाखांहून अधिक नेमणुका टाळता येतील असा तिचा अंदाज आहे. ती कागदपत्रे अपुरे चित्र देतात, असे कंपनीचे म्हणणे आहे. तेव्हा ‘माणसे संपली’ हे आज खोटे आहे, आणि ‘काहीच बिघडणार नाही’ असे म्हणायलाही आधार नाही. इथे कपातीपेक्षा न झालेली भरती पाहावी लागते, आणि ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

काम हलके झाले, हे विधान पायांपुरते खरे आहे. हात, खांदे आणि कंबर यांच्या वाट्याला मात्र तीच हालचाल पाळीभर येते, कारण पुढची मांडणी रांगेत उभीच असते आणि चालताना मिळणारी उसंत गेलेली असते. रिव्हील या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने 2020 मध्ये कंपनीच्या 2016 ते 2019 च्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण रोबोट नसलेल्यांपेक्षा जास्त आढळले. अ‍ॅमेझॉनने हा निष्कर्ष मान्य केला नाही. माझ्या मते दोष यंत्राचा कमी आणि यंत्र आल्यावर दर तासाला किती नग काढायचे हे ठरवणाऱ्यांचा जास्त आहे.

राहिली भिवंडी. भारतात हे तंत्र यायचे आहे, हे गृहीतच चुकीचे आहे. भारतात 2011 मध्ये सुरू झालेली ग्रेऑरेंज ही कंपनी अशी यंत्रे बनवते आहे. फ्लिपकार्टने 2019 मध्ये बेंगळुरूजवळ पार्सलांच्या वर्गवारीला शंभरहून अधिक रोबोट लावले. नोएडाच्या अ‍ॅडव्हर्बमध्ये रिलायन्सने 2022 मध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. तरीही ती सरसकट पसरली नाहीत, याचे कारण हिशेबात आहे. चाल वाचवणारे यंत्र तिथे परवडते, जिथे चालणाऱ्याचा तास महाग असतो, माल सुट्या नगांत जातो, जमीन सपाट असते आणि गोदाम चालवणाऱ्याला आपले कंत्राट पुढची काही वर्षे टिकेल याची खात्री असते. भिवंडीतल्या कितीतरी गोडाऊनांत माल पुऱ्या खोक्यांनी किंवा गोण्यांनी येतो आणि तसाच दुकानदाराकडे किंवा वितरकाकडे जातो. तिथे कप्प्यातून एकेक नग वेचण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या गोदामांत ही यंत्रे वाढतील, हे मानायला हरकत नाही. पण दारात उभ्या असलेल्या ट्रकमधून गोण्या उतरवण्याचे, महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्याच्या कक्षेत येणारे काम मांडणी वाहणाऱ्या रोबोटांच्या आवाक्यातले नाही, आणि त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही.