टकटक ऐकली की खापर पेट्रोलवर

नाशिककरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारा एक मेसेज असा: कसारा घाटात गाडी टकटक करते म्हणजे पेट्रोल खराब, हा इथेनॉलचा प्रताप, टाकीत 100 ऑक्टेन भरा, तरी थांबलं नाही तर जाड ऑइल टाका.

आधी इथेनॉलचं. त्याचा ऑक्टेन आकडा 100 च्या वर आहे. साधं पेट्रोल 91 चं असायचं, ई-20 साठी (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) 95 धरतात. ऑक्टेन वाढला की दाबाखाली आपोआप पेटण्याची शक्यता कमी होते, म्हणजे नॉकिंगपुरतं, इंधन असं आपोआप पेटून होणाऱ्या टकटकीपुरतं, इथेनॉल मदतच करतं. मायलेज घटतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप-सील खराब होऊ शकतात, त्यावर खुशाल भांडा.

मेसेज खरा घसरतो तो पहिल्याच वाक्यात, कारण सगळ्या टकटकी सारख्या नसतात. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कडेचं मिश्रण स्वतःहून भडकलं, की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हे नॉकिंग. ते इंजिनावर ताण असताना, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेटताना होतं. गिअर उतरवला की बहुधा थांबतं. त्याचं कारण इंजिनात साचलेला कार्बन, तापलेलं इंजिन, बिघडलेलं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा चुकीचा स्पार्क प्लग असू शकतो. सकाळी थंड इंजिनात येऊन तापल्यावर जाणारी खटखट बहुतेकदा पिस्टनची, बारीक टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची. आणि उभ्या गाडीतही रेस दिल्यावर खोल ठोके पडत असतील, तर संशय बेअरिंगवर. मग इंजिन बंद करून डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल बघा. ऑइलचा दिवा लागला असेल तर गाडी टो करूनच न्या.

सीएनजीवाल्यांना एक सोपी परीक्षा आहे. एकाच चढावर, एकाच गिअरमध्ये आधी पेट्रोलवर चालवा, मग सीएनजीवर. सीएनजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे आवाज गेला तर ते नॉकिंग. तसाच राहिला तर दोष यांत्रिक असण्याची शक्यता जास्त. गॅरेजमध्ये एवढं सांगितलंत तरी मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो.

100 ऑक्टेनने नॉकिंग दबेलही, पण कार्बन जागचा हलत नाही. शिवाय नव्या गाड्यांत नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असतो. तो टायमिंग मागे घेतो, म्हणून आवाज येत नाही, फक्त घाटात गाडीचा दम जातो. ते गॅरेजमधल्या स्कॅनरवर दिसतं, टाकी भरून कळत नाही.

जाड ऑइलने बेअरिंगचा ठोका काही दिवस मंदावतो, झीज चालूच राहते.