‘सगळ्यात हलकी तीच घ्या’ : बाळाच्या पहिल्या बाबागाडीचा सल्ला तपासून पाहू

नव्या आईबाबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आणि रील्समध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा : मोठी प्रॅम म्हणजे पैशांचा चुराडा. बाळ व्हायच्या आधीच पाच किलोच्या आतली, छत्रीसारखी मिटणारी स्ट्रोलर घेऊन ठेवा. ती पहिल्या दिवसापासून आणि कुठल्याही रस्त्यावर चालते, एका हाताने मिटते, विमानात थेट केबिनमध्ये जाते. बाळ झोपलं तर तिथेच झोपू द्या, ऊन लागलं तर वरून दुपटं टाका. आणि शेजाऱ्यांची जुनी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

यात सगळंच खोटं नाही. हलकी गाडी ही खरोखरच सोयीची वस्तू आहे, पण ती उष्टावणानंतरच्या बाळाची वस्तू आहे. सल्ला देणारे नेमकी हीच तारीख गाळतात.

‘पहिल्या दिवसापासून चालते’

छत्री-गाडीचा जन्मच हलकेपणासाठी झाला. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान अभियंते. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, मिटणारी गाडी आखली. दोन नळ्यांच्या मध्ये ताणलेलं कापड, तेच आसन. वजन वाचतं ते इथेच, कारण खाली फळी नाही आणि पाठीला कडक आधार नाही. बसतं झालेलं मूल त्या कापडात मजेत बसतं. नवजात बाळ मात्र त्यात गोळा होतं.

घरात मोठी माणसं ‘कणा वाकेल’ म्हणून काळजी करतात. त्याहून तातडीची गोष्ट आहे श्वासनलिका. जन्माच्या वेळी बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं आणि मागची बाजू फुगीर असते. मान धरलेली नसते. अर्धवट बसत्या स्थितीत डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद व मऊ असलेली श्वासनलिका दुमडते. बाळ रडत नाही, धडपडतही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ते गाढ झोपलेलं दिसतं, म्हणून तर हे जास्त धोक्याचं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना हा धोका आणखी मोठा असतो.

युरोपचं ईएन १८८८ हे मानक म्हणूनच स्पष्ट रेघ ओढतं : जन्मापासून वापरायच्या आसनात बूड आणि पाठ यांच्यातला कोन किमान १५० अंशांचा हवा. तो नसेल तर ‘सहा महिन्यांखालील बाळासाठी योग्य नाही’ अशी सूचना छापावी लागते. गाडी विकत घेताना ती बारीक अक्षरातली पट्टी आधी शोधा. बऱ्याचदा ती आसनाच्या मागच्या शिवणीवर किंवा पायाकडच्या नळीवर सापडते.

आता ‘ऑलमोस्ट फ्लॅट’ हा जाहिरातीतला शब्द. तो दुकानातच मोजता येतो. ४ किलो तांदळाची पिशवी आसनात ठेवा, कारण रिकामी गाडी नेहमी चांगलीच दिसते. पाठ पूर्ण खाली सोडा. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं ॲप उघडून फोन आधी बुडाखालच्या भागावर आणि मग पाठीवर टेकवा. समजा बुडाचा भाग गुडघ्यांकडे १० अंश वर चढतोय आणि पाठ जमिनीच्या पातळीपासून ३५ अंश उभी आहे. १८० मधून दोन्ही वजा करा : १३५. म्हणजे गाडी नापास. पाठ नुसत्या पट्ट्यावर तोललेली असेल तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. बक्कलमधून पट्टा सरकतो आणि बाळ मधल्या खळग्यात घसरतं.

कोन जमला तरी एक जागा पाहायची राहते. पाठ आडवी केल्यावर पुढची, पायाकडची बाजू उघडी राहते का? पट्टा न लावलेलं बाळ सरकत सरकत त्या फटीतून खाली जातं, धड निघतं आणि डोकं अडकतं. हा अपघात काल्पनिक नाही, मानकं लिहिणाऱ्यांनी त्यासाठी वेगळे नियम केले आहेत. पायाकडची कड वर करून बंद करता यायला हवी, आणि पट्टा पाच ठिकाणचाच हवा : दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक मांड्यांमधून. आवळल्यावर खांद्याच्या हाडाजवळ एक बोट जेमतेम जावं.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘न्यूबॉर्न’ उशा घालून छत्री-गाडी नवजात बाळाची होत नाही. डोक्यामागे जाड उशी आली की डोकं उलट आणखी पुढे ढकललं जातं. गाडीसोबत तिच्याच कंपनीने दिलेला भाग असेल तेवढाच वापरावा.

‘जितकी हलकी तितकी चांगली’

जिन्यावरून उचलताना, रिक्षात टाकताना हे खरं आहे. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर ५ आणि ९ किलोंतला फरक रोज कळतो. पण हे वजन काहीतरी कामही करत असतं.

मागच्या चाकांचा आस हा तराजूचा काटा समजा. ५ किलोच्या गाडीचा भार त्या आसाच्या साधारण २० सेंमी पुढे पडतो : ५ गुणिले २०, म्हणजे १००. ४ किलोचं बाळ २५ सेंमी पुढे : आणखी १००. हँडल आसाच्या २५ सेंमी मागे. त्यावर ५ किलो भाजीची पिशवी अडकवली : १२५. बाळ आत आहे तोवर २०० विरुद्ध १२५, गाडी उभी. बाळाला उचललं की १०० विरुद्ध १२५, आणि गाडी धाडकन मागे उलटते. गाडी ९ किलोंची असती तर रिकामी असतानाही १८० विरुद्ध १२५, म्हणजे उभी राहिली असती. आकडे प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे येतील, हिशोब हाच. फुटपाथवर चढवताना पुढची चाकं उचलली की हा तोल बाळ आत असतानाही बिघडतो, आणि थोरलं भावंड हँडलला लोंबकळलं तर विचारायलाच नको. पिशवी खालच्या टोपलीत ठेवा, तीही छापलेल्या मर्यादेत.

आणखी एक. जाहिरातीतलं वजन पुष्कळदा छत, टोपली आणि पुढचा दांडा काढून मोजलेलं असतं. बॅगा मोजायचा लटकता काटा घरी असेल तर घेऊन जा.

‘कुठल्याही रस्त्यावर चालते’

मॉलच्या फरशीवर सगळ्याच गाड्या छान चालतात. आपल्याकडे प्रश्न पेव्हर ब्लॉकच्या फटींचा, गटाराच्या जाळीचा, सोसायटीच्या गेटच्या रुळाचा आणि घरच्या उंबरठ्याचा आहे.

हलक्या गाडीची चाकं साधारण १४ सेंमी व्यासाची असतात. २ सेंमीच्या उंबरठ्यावर असं चाक सरळ ढकलून चढवायला त्या चाकावर जेवढं वजन आहे जवळपास तेवढाच आडवा जोर लागतो. उंबरठा ३ सेंमीचा असेल तर वजनाच्या जवळजवळ दीडपट. चाक २५ सेंमीचं असेल तर हेच आकडे पाऊणपटीच्याही खाली आणि पाऊणपटीच्या जरा वर येतात. म्हणूनच छोट्या चाकांची गाडी अडथळ्याशी अचानक थबकते, मागून ढकलणारा पुढे झुकतो आणि पट्टा न लावलेलं बाळ पुढे येतं. उपाय सोपा : अडथळा आला की थांबा, गाडी वळवा आणि मोठी, न फिरणारी मागची चाकं आधी चढवा.

पुढच्या जोडचाकांमध्ये खडा अडकतो, आसाभोवती केस आणि सुतळी गुंडाळली जाते, मग चाक थरथरायला लागतं. महिन्यातून एकदा गाडी उलटी करून चिमट्याने हे काढा. पावसाळ्यात चिखल धुऊन, फडक्याने कोरडं करून सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा. खोबरेल तेल घालू नका. ते धूळ धरतं आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत थिजून चाक जड करतं.

गर्दीच्या लोकलमध्ये आणि रेल्वे पुलाच्या जिन्यांवर कुठलीच बाबागाडी कामाची नाही. तिथे बाळाला अंगाशी बांधणारा कॅरिअर बरा. त्यातही नियम तोच : बाळाचा चेहरा दिसत राहावा, हनुवटी छातीपासून दोन बोटं दूर असावी.

‘एका हाताने मिटते’

मिटते. पण तीच गाडी अर्धवट उघडलेली असताना पूर्ण उघडल्यासारखी दिसते, आणि बाळ ठेवल्यावर मिटायला लागते. क्रम पाठ करा : बाळ दुसऱ्याच्या हातात किंवा पलंगावर मधोमध. गाडी झटकून उघडा, मागचा आडवा दांडा पायाने खाली दाबा, ‘टक्’ ऐका. मग हँडल वर ओढून सांधा सुटत नाही ना ते बघा. दोन्ही ब्रेक लावा. मग बाळ, मग पट्टा. मिटताना उलट क्रम, आणि मोठी मुलं हातभर लांब.

‘विमानात केबिनमध्ये जाते’

खोक्यावर ‘केबिन’ असं छापलेलं असतं, ते गाडी बनवणाऱ्याने छापलेलं असतं. विमान कंपनीने त्यावर शिक्का मारलेला नसतो. इंडिगोच्या हातातल्या बॅगेची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंमी आणि ७ किलो आहे. त्रिघडीच्या, म्हणजे तीन घड्यांत खोक्यासारख्या मिटणाऱ्या गाड्यांमध्ये गाजलेल्या योयोची घडी ५२ × ४४ × १८ सेंमी. तिन्ही बाजूंची बेरीज ११४ येते, म्हणजे बॅगेच्या मर्यादेच्या बेरजेच्या, ११५ च्या आत, पण ४४ ची बाजू ३५ मध्ये मावत नाही. छत्री-गाडीची घडी तर मीटरभर लांब असते, तिचा प्रश्नच नाही. बहुतेक कंपन्या तान्ह्या बाळाची गाडी फुकट नेतात, चेक-इनला किंवा विमानाच्या दारापर्यंत नेऊन तिथे टॅग लावून. दारात देणार असाल तर टोपली रिकामी करा, कप ठेवायची खाच आणि पुढचा दांडा काढून बॅगेत ठेवा. हेच भाग हरवतात. सुरक्षा तपासणीत गाडी मिटून पट्ट्यावर जाते आणि बाळ कडेवर, तेव्हा बक्कलशी झटापट तिथे होऊ देऊ नका.

कारच्या डिकीचंही मोजमाप घ्या. सीएनजीची टाकी असलेल्या कारमध्ये छत्री-गाडी तिरकी जाते किंवा मागच्या सीटच्या पायथ्याशी, आणि खोक्यासारखी त्रिघडी टाकीसमोर बसेल की नाही ते सेंटिमीटरवर ठरतं.

‘झोपलं तर तिथेच झोपू द्या’

फेरी चालू आहे, तुम्ही बघताय, बाळ सपाट आहे, तोवर ठीक. घरी आल्यावर झोपमोड नको म्हणून गाडी कोपऱ्यात लावून ठेवणं चूक. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचना स्ट्रोलर, कार सीट, झोपाळे ही रोजच्या झोपेची जागा मानत नाहीत, विशेषतः चार महिन्यांखालच्या बाळांसाठी. उचला आणि सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवा. उठलं तर उठलं.

‘ऊन लागलं तर दुपटं टाका’

कोरडं दुपटं छतावरून पायापर्यंत सोडलं की हवा कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजलं : कोरड्या मलमलीने आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांच्या आसपास वाढलं. मलमल ओली करून आत छोटा पंखा चालवला तेव्हा मात्र ते सुमारे पाच अंशांनी उतरलं. पण हे बाष्पीभवनाचं काम आहे. विदर्भाच्या कोरड्या उन्हात जमेल, कोकणात आणि मुंबईत हवाच ओली असल्यामुळे फायदा कमी मिळेल, आणि कापड सुकलं की पुन्हा नुकसानच. शिवाय झाकलेलं बाळ दिसत नाही. छत लांब असलेली, मागे जाळीची खिडकी असलेली गाडी घ्या आणि मे महिन्यात अकरा ते चार बाहेर काढू नका.

‘बाळ व्हायच्या आधीच घ्या’

का? आपल्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना बहुधा घरातच असतात, बऱ्याचदा माहेरी. पुढे लसीकरणाला जाणं तेवढं होतं, तेही रिक्षाने किंवा कारने. ज्यांना खरोखर रोज चालत बाहेर पडायचंय, म्हणजे परदेशात एकट्याने राहणारी जोडपी, त्यांनी सपाट तळाची, ७ ते ९ किलोची, आसन बदलता येणारी गाडी घ्यावी. बाकीच्यांनी थांबावं. सहाव्या महिन्याच्या सुमाराला बाळ आधाराने नीट बसू लागलं की त्यालाच दुकानात घेऊन जावं आणि बसवून बघावं. तेव्हा ५ किलोची छत्री-गाडी बिनधास्त घ्या.

‘जुनी मिळाली तर उत्तम’

हे मान्य. बाबागाडी दीड-दोन वर्षांत रिकामी होते, ती पुढे जावीच. फक्त घेताना ब्रेक लावून उतारावर तांदळाची पिशवी ठेवून बघा, पट्ट्याची शिवण ओढून बघा, रिबिटा सैल आहेत का ते सांगाडा हलवून बघा. आणि घडीच्या सांध्यांवर बोटं ठेवा. २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख छत्री-गाड्यांसाठी सांध्यांवर बसवायची आवरणं वाटली. गाडी उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ तक्रारी आल्या होत्या. जुन्या गाडीत अशी उघडी, कात्रीसारखी मिटणारी फट दिसली आणि आवरण मिळत नसेल, तर ती गाडी शेजाऱ्यांनाच परत करा.