‘मशीन लावलं की मूल नॉर्मल’: कर्णबधिरतेवरच्या एका फिरत्या मजकुराला उत्तर

कर्णबधिर बाळांच्या आईबापांना उद्देशून एक मजकूर फोनाफोनी फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सल्ला तोच. वेळेत मशीन किंवा इम्प्लांट बसवा, मग मूल नॉर्मल होतं. हातवारे अजिबात शिकवू नका, नाहीतर ते बोलायचा आळस करतं. ओठांकडे बघायची सवय लावा आणि त्याच्याशी मोठ्याने बोला. शेवटी दोन वाक्यं जोडलेली असतात: बहिऱ्या जोडप्याने मूल होऊ देण्याआधी दहादा विचार करावा; आणि बहिरेपण ही देणगीच समजा, बहिरे झालेले संगीतकार बीथोव्हेन बघा, आत शांतता असली की कला फुलते.

पाठवणाऱ्यांच्या मनात मुलाचं भलंच असतं, यात शंका नाही. पण यातला एक शब्द सोडला तर बाकीचं सगळं मुलाच्या पहिल्या तीन-चार वर्षांवर उठतं. भाषा रुजण्याची ती वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

तो एक शब्द म्हणजे ‘वेळेत’. पहिल्या महिन्यात कानाची चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत बेरासारख्या (आवाजाला श्रवण-मज्जातंतू आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणाऱ्या) चाचण्यांनी पक्कं निदान, सहाव्या महिन्याच्या आत मशीन आणि भाषेची मदत सुरू, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. चाळणीत बाळ ‘नापास’ झालं म्हणजे ते बहिरं आहे असं नव्हे. जन्मल्यावर कानात राहिलेल्या द्रवामुळेही तसा निकाल येतो. पण म्हणून पुढची तपासणी टाळायची नाही.

‘मग मूल नॉर्मल होतं.’ इथे थांबून नीट बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत याच वाक्याने होते. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. इजा झालेला आतला कान तो आवाज अर्धवट, फाटका पोचवतो, ते यंत्राने दुरुस्त होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटची गोष्ट वेगळी. तिथे आवाजाचं विजेच्या स्पंदनांत रूपांतर होऊन ती थेट श्रवण-मज्जातंतूला दिली जातात. निरोगी कोक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात, आवाज टिपणाऱ्या आतल्या रांगेच्या केसपेशी सुमारे 3,500 असतात. इम्प्लांटच्या तारेवर इलेक्ट्रोड 12 ते 22. एवढ्यावर बोलणं समजू शकतं, लहानपणी बसवलं तर खूप चांगलं समजू शकतं, पण मेंदूला ते शिकावं लागतं. ऑपरेशननंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपणारा बाहेरचा भाग, सुरू होतो, मग वारंवार मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती प्रवाह द्यायचा ते ठरवणं. आणि अंघोळीला किंवा झोपताना प्रोसेसर उतरवला की मूल पुन्हा कर्णबधिरच असतं. त्या वेळी त्याच्याशी कसं बोलायचं, याचं उत्तर या मजकुरात कुठेच नाही.

यंत्र लावलंय म्हणजे ऐकू येतंय, हेही गृहीत धरता येत नाही. रोज सकाळी पाच मिनिटं तपासणी लागते. कानातल्या साच्याचं भोक मळाने बुजलंय का बघायचं, नळीत दमटपणाचे थेंब असतील तर फुंकणीने काढायचे. तपासणीच्या नळीला यंत्र लावून आपल्या कानाने ऐकायचं: आवाज तुटतोय, खरखरतोय का. झिंक-एअर सेल असेल तर त्याचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर तो हवेत ठेवून मगच बसवायचा, कारण हवा आत गेल्यावरच तो काम करू लागतो. लहान मुलाच्या यंत्राला कुलूपवालं झाकणच हवं. सेल गिळला गेला तर वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं.

मग सहा आवाज: म, ऊ, आ, ई, श, स. मुलाला ओठ दिसणार नाहीत असं मागे उभं राहून, नेहमीच्या आवाजात, आधी एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून. म्हणण्यात ठरावीक लय ठेवायची नाही, नाहीतर मूल अंदाजाने उत्तर देतं. बोलून दाखवता न येणारं मूल प्रत्येक आवाजाला एक ठोकळा डब्यात टाकतं. काल ‘स’ला ठोकळा पडत होता आणि आज पडत नाही, तर वरच्या पट्टीतला आवाज कुठेतरी अडलाय. ‘म’ आणि ‘ऊ’ गेले तर खालच्या पट्टीत घोळ आहे, बरेचदा साचा सैल झालेला असतो. यंत्र शिट्टी मारतं त्याचंही नेहमीचं कारण तेच. बाळाचा कान इतका भराभर वाढतो की पहिल्या वर्षात काही आठवड्यांनीच नवा साचा लागू शकतो. शिट्टी थांबावी म्हणून आवाज कमी करणं हा सर्रास होणारा उपाय आणि सर्वांत वाईट उपाय. शिट्टी थांबते, बोलणंही थांबतं.

त्यावर अंतराचा हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून बोललेलं चार मीटरवर 12 डेसिबलने कमी पोचतं, आणि पंखा, भांडी, इतरांची बडबड मात्र तेवढीच राहते. म्हणून वर्गात बाईंच्या गळ्याशी, तोंडापासून वीतभर खाली अडकवलेला, आवाज थेट मुलाच्या यंत्रात पोचवणारा वायरलेस माइक महागड्या यंत्राइतकाच मोलाचा. एवढं करूनही दिवसभर कान देऊन ऐकणं ही मेहनत असते. शाळेतून आल्याबरोबर मूल यंत्र काढून ठेवतं तो हट्ट नव्हे, थकवा असतो. तासभर तसंच राहू द्यावं.

‘हातवारे शिकवले तर बोलत नाही.’ या समजुतीमागे मोठा इतिहास आहे. 1880 मध्ये इटलीत मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, जिथे मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते, शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याच परिषदेच्या 2010 मधल्या व्हँकुव्हरच्या अधिवेशनात तो ठराव अधिकृतपणे नाकारला गेला. मधल्या काळात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हात बांधून बोलायला बसवलं. 1960 मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली आणि हे हावभाव नसून व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे हे भाषाशास्त्रात प्रस्थापित होऊ लागलं. 1991 मधल्या एका अभ्यासात तर दिसलं की सांकेतिक भाषेच्या घरातली कर्णबधिर बाळं हातांनी बोबडं बोलतात: तोच हस्ताकार, अर्थाशिवाय, पुन्हा पुन्हा.

सांकेतिक भाषेमुळे बोलणं खुंटतं असा ठोस पुरावा नाही. फक्त बोलण्यावर भर दिलेली इम्प्लांटची मुलं पुढे दिसली असे काही अभ्यास आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप असा की घरच्यांना खुणा कितपत येत होत्या, हे त्यात मोजलेलंच नव्हतं. पाच-पन्नास खुणा येणारं घर आणि खुणांतून भांडणारं, समजावणारं, गोष्ट सांगणारं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक. उलट, कर्णबधिर आईबापांकडून जन्मापासून ही भाषा मिळालेल्या आणि नंतर इम्प्लांट झालेल्या मुलांच्या एका छोट्या गटाची बोलीभाषेची कामगिरी ऐकणाऱ्या मुलांच्या तोडीची आली.

माझं स्पष्ट मत असं की यंत्राचा निकाल लागेपर्यंत भाषेला ताटकळत ठेवू नये. इम्प्लांटचा उपयोग होईल की नाही हे कळायला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढ्या काळात मुलाला ‘का’, ‘उद्या’, ‘खोटं’, ‘भीती’ या कल्पना कुठल्यातरी पूर्ण भाषेत मिळाल्याच पाहिजेत.

त्यासाठी रोजचं साधन म्हणजे चित्रांचं पुस्तक. मुलाला मांडीवर पाठमोरं न बसवता समोर किंवा तिरकं बसवा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको. आधी चित्र बघू द्या आणि त्या वेळी गप्प राहा, हातही थांबवा. मुलाने मान वर केली की सांगा, मग पुन्हा चित्राकडे. ऐकणारं मूल चित्र बघता बघता ऐकतं, कर्णबधिर मुलाला दोन्ही कामं डोळ्यांनीच एकामागून एक करायची असतात. मान वर येत नसेल तर हनुवटी धरून वळवू नका. खूण थेट पानावर करा, चित्रातल्या मांजराच्या शेजारी. एक पुस्तक संपायला तिप्पट वेळ लागतो, लागू द्या.

‘ओठ वाचायची सवय लावा.’ आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा: पाट, पाठ, माठ, भाट. चारही सारखेच दिसतात, कारण प, भ आणि म तिन्ही ओठ मिटून होतात आणि ट-ठ तोंडाच्या आत. काडी, गाडी, खाडी यांचं पहिलं अक्षर तर घशाशी तयार होतं, दिसतच नाही. ‘आईने’ आणि ‘आईला’ यांतला फरक शब्दाच्या टोकाला, जिथे आवाजही हळू होतो. ओठ वाचणारा माणूस निम्म्याहून जास्त संदर्भाने भरत असतो, म्हणजे त्याला आधी भाषा यावी लागते. ज्या मुलाला ती शिकायचीच आहे, त्याला केवळ ओठ दाखवून ती कशी मिळणार? ओठ हा आधार म्हणून ठीक, भाषेचं दार म्हणून नाही.

‘मोठ्याने बोला.’ नको. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी होत नाहीत, आणि तोंड वेडंवाकडं झाल्याने ओठही कळत नाहीत. शिवाय आतल्या कानाला इजा असेल तर ‘ऐकू येत नाही’ आणि ‘दुखतं’ यांतलं अंतर फार थोडं उरतं. जवळ या, चेहरा दिसू द्या, वाक्य कळलं नाही तर तेच न घोकता वेगळ्या शब्दांत सांगा.

बहिऱ्या जोडप्यांना दिलेला सल्ला तर अपमानकारक आहे, आणि त्यामागचं गणितही चुकलेलं. कर्णबधिर मुलांपैकी 90 टक्क्यांहून जास्त मुलं ऐकणाऱ्या आईबापांना होतात, आणि कर्णबधिर जोडप्यांची बहुतेक मुलं ऐकणारी असतात. बाळ रडलेलं कळायला रडण्याचा आवाज टिपणारा अलार्म असतो: माइक पाळण्याजवळ पण पंख्याच्या वाऱ्याबाहेर, दिवा मोठ्यांच्या नजरेसमोर, थरथरणारी चकती मोठ्यांच्या उशीखाली, बाळाच्या अंथरुणात कधीच नाही. वीज गेली तर चालेल अशी बॅटरी हवी आणि रोज झोपण्याआधी एकदा तपासणी. ऐकणाऱ्या बाळाला बोलणारी माणसं रोज भेटत राहिली की ते दोन्ही भाषा सहज उचलतं. एक मात्र पाळावं: डॉक्टरांसमोर किंवा शाळेत त्या मुलाला दुभाषा करू नये. आईच्या आजाराची बातमी आठ वर्षांच्या पोराच्या तोंडून यायला नको.

राहिली ‘आतली शांतता’. अनेक कर्णबधिरांच्या कानात सतत शिट्टी, गुणगुण किंवा गर्जना असते. संगीतकार स्मेतना यांना 1874 मध्ये ऐकू येईनासं झालं. 1876 च्या त्यांच्या तंतुवाद्य-चतुष्टयात शेवटच्या भागात व्हायोलिनचा एक उंच, ताणलेला स्वर अचानक घुसतो: तो त्यांच्या कानातला आवाज आहे. बीथोव्हेन यांचं ऐकणं विशीच्या अखेरीस कमी होऊ लागलं, तोवर संगीत त्यांच्या अंगात पुरतं मुरलं होतं. 1802 च्या पत्रात त्यांनी त्यापायी आलेल्या निराशेबद्दल आणि एकटेपणाबद्दल लिहिलंय, देणगीबद्दल नव्हे. 1818 पासून भेटायला येणारे त्यांच्या वहीत प्रश्न लिहून देत. या कलेचं श्रेय बहिरेपणाला देणं म्हणजे त्या माणसाच्या कष्टांवर बोळा फिरवणं. डोळेही आपोआप तेज होत नाहीत. जन्मापासून कर्णबधिर असलेल्यांचं कडेच्या हालचालींकडे लक्ष जास्त असतं असं आढळलंय, पण नजरेची तीक्ष्णता तीच राहते.

कर्णबधिर कलावंताकडे वेगळं काही असतंच, ते भाषेतून येतं. सांकेतिक कवितेत यमक हस्ताकाराचं असतं: एकच मुठीचा आकार ओळीमागून ओळ फिरतो, जागा बदलते, वेग बदलतो, आणि दोन हात एकाच वेळी दोन गोष्टी सांगू शकतात. अशा कवीला मंचावर बोलावणाऱ्यांनी दुभाषे दोन ठेवावेत आणि त्यांनी वीस-पंचवीस मिनिटांनी आलटून पालटून उभं राहावं, कारण त्यापुढे एकाच्या कामात चुका होऊ लागतात. हातांवर उजेड हवा, मागचा पडदा साधा, एकरंगी. सभागृहातले दिवे पूर्ण मालवू नयेत, नाहीतर प्रेक्षकांतले कर्णबधिर एकमेकांशी बोलू शकत नाहीत. आणि कविता दुभाष्यांच्या हाती निदान आदल्या दिवशी द्यावी. आयत्या वेळी मिळाली तर ते अर्थ तेवढा सांगतात, यमक जागच्या जागी गळून पडतं.