हार्डटेलला १४० चा फोर्क लावण्याआधी हे वाचा

‘साध्या हार्डटेलची खरी ट्रेल बाइक करणारे पाच स्वस्त बदल’ अशी एक यादी सध्या सगळीकडे फिरते आहे. हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक. माझ्या भाच्यानं ती मला पाठवली आणि खाली विचारलं, “मामा, १४० चा फोर्क मागवू ना?” त्याच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा भाग, १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा आहे, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबतो, आणि साठवलेले सगळे पैसे तो यात घालणार होता. यादीतल्या बाकी सल्ल्यांनी फार तर पैसे वाया जातील. या एका सल्ल्यानं हाडं मोडू शकतात, म्हणून आधी त्याच्याचबद्दल.

यादी म्हणते, ट्रॅव्हल जितका जास्त तितकी सायकल दणकट, तेव्हा १४० लावा आणि बिनधास्त उड्या मारा. हे साफ खोटं आहे. फोर्क ही हेड ट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीला, जोडलेली एक तरफ आहे. ती लांब केली की प्रत्येक दणक्याचा वाकवणारा जोर वाढतो आणि तो थेट हेड ट्यूब आणि तिथून पेडलकडे उतरणाऱ्या डाउन ट्यूबच्या वेल्डवर येतो. फ्रेमला तडा जातो तो बहुतेकदा इथेच. वेगात असताना तिथे फ्रेम तुटली तर सावरायला काहीही उरत नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, सायकलचं मॅन्युअल उघडा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं एफ२०४३ हे मानक सायकलींचे वापरानुसार वर्ग पाडतं आणि अनेक कंपन्या हे वर्ग मॅन्युअलमध्ये छापतात. दुसऱ्या वर्गात कच्चे रस्ते आणि १५ सेंटीमीटरपर्यंतचे ड्रॉप, म्हणजे सायकलसकट खाली घेतलेल्या उड्या, बसतात. तिसऱ्यात खडबडीत वाटा आणि ६१ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचे ड्रॉप. तुमची फ्रेम ज्या वर्गासाठी बांधली आहे त्याच वर्गात राहते, पुढे कितीही महागडा फोर्क लावा. जास्तीत जास्त किती लांबीचा फोर्क चालेल तेही अनेक कंपन्या सांगतात. ती मर्यादा ओलांडली तर वॉरंटीवर पाणी सोडायचं.

हाताळणीचंही नुकसानच आहे. ४० मिलिमीटरनं पुढची बाजू उचलली की हेड अँगल आणि सीट अँगल (हेड ट्यूबचा आणि सीटखालच्या नळीचा कोन) दोन्ही साधारण दोन अंशांनी मागे झुकतात आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस, सुमारे दीड सेंटीमीटर वर जातो. चढावर पुढचं चाक भरकटतं, वळणावर सायकल वरच्या बाजूला जड वाटते. शिवाय हार्डटेलचं मागचं चाक दबत नाही, फक्त पुढचं दबतं. त्यामुळे ट्रॅव्हल जितका मोठा, तितका ब्रेक मारताना सायकलचा कोन जास्त बदलतो, तोही नेमका उतारावर. त्यात नवे फोर्क बहुतेक टेपर्ड स्टीअररचे (हेड ट्यूबमध्ये जाणारी, खाली रुंद होणारी दांडी) आणि १५ मिलिमीटर थ्रू अ‍ॅक्सलचे (चाकातून आरपार जाणारा जाड आस) असतात. जुन्या अरुंद हेड ट्यूबमध्ये टेपर्ड स्टीअरर जातच नाही, आणि क्विक रिलीजचं, म्हणजे खटक्यानं निघणाऱ्या बारीक आसाचं, चाकही बदलावं लागतं. यात स्वस्त काय राहिलं?

एक मान्य करतो, नाइलाजानं. स्वस्त सायकलींवरचे स्प्रिंगचे फोर्क खरंच वाईट असतात, त्यांत डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरायची सोय, जवळपास नसतंच. बदलायचाच असेल तर तेवढ्याच ट्रॅव्हलचा एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा, घ्या. आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते, फरक तिथेच पडतो.

दुसरा सल्ला टायरच्या कडेला लिहिलेल्या आकड्याइतकी हवा ठासून भरायचा. तो आकडा कमाल मर्यादा आहे, शिफारस नाही. दगडगोट्यांवर कडक टायर उसळत राहतो, पकड जाते आणि पुढे जायची ताकद उसळण्यात वाया जाते. सत्तरेक किलोच्या माणसानं सव्वादोन इंची टायरमध्ये, आत ट्यूब असेल तर, २८-३० पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी, मागे थोडी जास्त ठेवावी आणि मग हळूहळू उतरवत जावं. रिम ट्यूबलेस-रेडी, म्हणजे ट्यूबशिवाय चालणारी, असेल तर टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) एवढ्यात काम होतं आणि हवा आणखी कमी ठेवता येते. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नाही. तिथे टायर हेच सस्पेन्शन. पहिला पैसा चांगल्या रबराच्या, फ्रेममध्ये बसेल तेवढ्या रुंद टायरवरच घाला.

तिसरा सल्ला ‘१२ स्पीड लावा’, म्हणजे मागे बारा गिअर. हे सांगताना मागच्या हबबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाबद्दल, एक अक्षर नाही. शिमानो कंपनीच्या १०-५१ कॅसेटला (मागच्या गिअरचक्रांचा संच, १० ते ५१ दात) मायक्रो स्प्लाइन नावाच्या खाचांचा हब लागतो, आणि स्वस्त सायकलींवर तर बऱ्याचदा आट्यांनी हबवर बसवलेला फ्रीव्हील असतो, त्यावर कॅसेट बसतच नाही. शिमानोचा साधा, जुन्या खाचांचा एचजी फ्रीहब असेल तर ११-४६ ची १० स्पीड कॅसेट, क्लच असलेला (चेन ताणून धरणारा) डिरेल्युअर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, त्याला जुळणारा शिफ्टर आणि पुढे एकच नॅरो-वाइड, म्हणजे आळीपाळीनं अरुंद-रुंद दातांचं, चेनरिंग भरपूर झालं.

चौथा सल्ला, रुंद कार्बन हँडलबार? रुंद बार हवा हे बरोबर, पण अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. पाचवा सल्ला सीटवर जेलची जाड गादी घालायचा, ती खडबडीत वाटेवर काही कामाची नाही. त्या पैशांत चांगले ग्रिप आणि पिनांचे फ्लॅट पेडल येतील.

आणि या पाचांत ब्रेक कुठेच नाही, याचा मला सगळ्यात राग आला. उड्या मारायला सांगता आणि थांबायचं कसं ते सांगत नाही? झिजलेले ब्रेक पॅड बदलणं हा सगळ्यात स्वस्त बदल आहे. फक्त मेटल पॅड घेण्याआधी रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, काय कोरलंय ते वाचा. शिमानोच्या स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त मऊ रेझिनचे पॅड) असं लिहिलेलं असतं, आणि त्यावर मेटल पॅड लावले तर रोटर लवकर झिजून जातो.