पंचावन्न पूर्ण, गाणी बंद

मागच्या महिन्यात मला पंचावन्न पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या सकाळच्या एफएमवाल्यांनी जुनी गाणी बंद केली. योगायोग असेल म्हणे.

सकाळी सात, दाढीचा फेस, चहा आणि तलत, असं माझं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या सोमवारी गालावर ब्लेड टेकवलं आणि रेडिओतनं एक पोरगं किंचाळलं, "गुड मॉर्निंग सोलापूऽऽर!" हनुवटी कापली. तुरटी फिरवत बसलो, म्हटलं पुढचं तरी बरं लागेल, तर धडाम धडाम, मग फ्लॅटची जाहिरात, परत धडाम धडाम.

भाचा मुंबईला जाहिरातीत आहे, त्याला फोन लावला. "मामा, फॉरमॅट चेंज म्हणतात याला. स्टेशन गाणी विकत नाही, ऐकणारे विकतं. अमेरिकेत तर जाहिरातवाले जास्त करून 25 ते 54 वयाचीच माणसं मागतात." म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत मी माल होतो, आता भंगार! अरे पण बीपीच्या गोळ्या, गॅस, पोराचा रिचार्ज, सगळं घेतंय कोण?

त्यानंच सांगितलं, न्यूयॉर्कला डब्ल्यूसीबीएस एफएम नावाच्या स्टेशननं 2005च्या जूनमध्ये जुनी गाणी काढली, लोक खवळले, तेव्हा 2007च्या जुलैत परत आणली. दोन वर्षं! तोवर दाढी तशीच वाढवू का?

आणि मोजलं कुणी आम्हाला? 2007 ला इथं रेडिओ ऐकणाऱ्यांची डायरीवाली मोजणी सुरू झाली तीसुद्धा मुंबई, दिल्ली, बेंगळुरू असल्या मोठ्या शहरांत, लोकांनी डायरीत लिहायचं कधी काय ऐकलं ते. सोलापूरकडं डायरी घेऊन कोण येतंय, आणि आलं तरी माझ्या मित्राच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये काय लिहिणार? तिथं मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं कळत नाही तरी रेडिओ फुल आवाजात. मी एका विणकराच्या कानाशी ओरडून विचारलं, "ऐकू येतंय का?" तो तेलुगू वळणाच्या मराठीत ओरडला, "न्हाई. पण बंद केला की कळतंय!" आता हा श्रोता धरायचा का नाही, सांगा.

शेवटी रागारागात फर्माईशच्या नंबरवर फोन लावला, लागला पण, आणि थेट लाइव्ह!

"काका, काय ऐकणार?"

"तलत."

"सो क्यूट! वय किती तुमचं?"

"चोपन्न," मी ठणकावून सांगितलं.

स्वयंपाकघरातनं ही ओरडली, "चोपन्न? मग गेल्या महिन्यात पंचावन्नाव्याचा शिरा कुणी गिळला?"

फोन स्पीकरवर होता. संध्याकाळी नव्या पेठेत पानवाल्यानं पान देताना विचारलं, "काय काका, शिरा उरलाय का?"