कार्बनला नावे ठेवताना

कागदावर एक वाकडीतिकडी रेघ असते, तिला दोन-तीन फाटे फुटलेले असतात आणि खाली हुकूम असतो : आयुपॅक नाव लिहा. आयुपॅक म्हणजे रसायनांच्या नावांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना, आणि ही रेघ म्हणजे एका रेणूचे चित्र. रेघेत कार्बन कुठेच दिसत नाही. तो प्रत्येक कोपऱ्यात आणि प्रत्येक मोकळ्या टोकाला आहे, हे आपण समजून घ्यायचे. हायड्रोजन तर इतके गृहीत धरलेले की त्यांनी रुसून बसावे. लोक कोपरे इमानाने मोजतात आणि टोके विसरतात. सहा कार्बनच्या हेक्झेनचे चार कार्बनचे ब्युटेन तिथेच होते.

मग सर्वांत लांब शृंखला शोधा. शहाणा माणूस डावीकडून उजवीकडे बोट फिरवतो. शृंखलेला मात्र सरळ जाण्याचे वावडे. ती मध्येच एखाद्या फाट्यात शिरते आणि आपण त्या फाट्याला 'शाखा' म्हणून मोकळे होतो. मग जन्माला येते '२-इथाइलपेन्टेन', म्हणजे पाच कार्बनच्या शृंखलेत दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनांची शाखा : कागदावर दिसणारे पण नियमात न बसणारे नाव. त्या इथाइलमधून मोजत गेले तर सहा कार्बन भरतात. खरे नाव ३-मिथाइलहेक्झेन; मिथाइल म्हणजे एका कार्बनची शाखा. साध्या अल्केनमध्ये, म्हणजे फक्त एकेरी बंधांच्या कार्बन-हायड्रोजन रेणूत, पहिल्या कार्बनवर मिथाइल किंवा दुसऱ्यावर इथाइल लिहिले गेले, की पेन खाली ठेवून पुन्हा मोजायला लागावे, हे उत्तम.

पुढचा घोळ क्रमांकांचा. 'ज्या बाजूने बेरीज कमी, ती बाजू बरोबर' असे कुणीतरी कधीतरी कानात सांगितलेले असते. हा नियम बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो, आणि माझ्या मते हाच त्याचा दुष्टपणा. दहा कार्बनच्या डेकेनवर तीन मिथाइल आहेत. एका बाजूने क्रमांक येतात २,७,८ आणि दुसऱ्या बाजूने ३,४,९. बेरीज अनुक्रमे १७ आणि १६. बेरीजवाले आनंदाने दुसरे उत्तर लिहितात. पण पाहायचे असते ते जिथे पहिल्यांदा फरक पडतो ते स्थान : २ की ३? दोन लहान, विषय संपला. २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन.

शाखा लिहिण्याचा क्रम अक्षरांप्रमाणे असतो, आणि ती अक्षरे रोमन. आपल्या वर्णमालेत 'क' आधी आणि 'ब' बराच नंतर, म्हणून क्लोरोला पुढे बसवावेसे वाटते. पण आधी ब्रोमो, मग क्लोरो, मग इथाइल, मग मिथाइल. डाय, ट्राय या उपसर्गांना या रांगेत किंमत नाही, आयसोला मात्र आहे. का, असे विचारू नये.

खरी दमछाक होते ती क्रियात्मक गटांच्या, म्हणजे रेणूचा स्वभाव ठरवणाऱ्या अणुगटांच्या, मानापमानात. कार्बॉक्सिलिक आम्ल आले की बाकीच्यांनी उठून उभे राहायचे. त्यानंतर एस्टर, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल आणि शेवटी अमाइन. सर्वांत वरच्याला नावाच्या शेवटी प्रत्ययाची जागा मिळते. खालच्यांना उपसर्ग होऊन पुढे उभे राहावे लागते. अल्कोहोलचे 'हायड्रॉक्सी' होते, कीटोनचे 'ऑक्सो'. हॅलोजन आणि नायट्रो यांना तर प्रत्ययाचा मान कधीच नाही, रेणूत एकटे असले तरी. हा निवाडा क्रमांक देण्याआधी करायचा असतो आणि जवळपास सगळे तो नंतर करतात. त्यामुळे '२-हायड्रॉक्सीपेन्टॅन-४-ओन' तयार होते. लहान क्रमांकावर पहिला हक्क कीटोनचा, म्हणून ४-हायड्रॉक्सीपेन्टॅन-२-ओन. आणि आम्लाच्या कार्बॉक्सिल गटातला कार्बन शृंखलेतच मोजायचा, तोही पहिला म्हणून. त्याला वगळले की व्हिनेगरातल्या आम्लाला मुंग्यांच्या आम्लाचे नाव मिळते.

त्या व्हिनेगरातल्या आम्लाबद्दल मला जरा बोलायचेच आहे. 'ॲसिटिक आम्ल' हे जुने नाव, 'इथेनॉइक आम्ल' हे शास्त्रशुद्ध, असे वर्गात बजावून सांगतात आणि पहिले लिहिले तर गुण कापतात. आयुपॅकने २०१३ च्या शिफारशींत पसंतीचे नाव म्हणून चक्क ॲसिटिक आम्लच ठेवले आहे. १८९२ मध्ये जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ जमले ते नावांचा गोंधळ मिटवायला. तेव्हापासून तो मिटतोच आहे.

हे सगळे पचवून माणूस जीवनाच्या रेणूंकडे वळतो, आणि पहिल्याच पायरीवर ग्लुकोज भेटते : (२आर,३एस,४आर,५आर)-२,३,४,५,६-पेंटाहायड्रॉक्सीहेक्झॅनल. यातले आर आणि एस त्या त्या कार्बनभोवती गट कोणत्या दिशेने मांडले आहेत ते सांगतात. एवढे लांब नाव न चुकता लिहिल्यावर कळते, की ते ग्लुकोजच्या सरळ शृंखलेचे आहे आणि पाण्यात ती एक टक्कासुद्धा नसते. पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल पहिल्या कार्बनवर जाऊन चिकटतो, वलय बनते, आणि द्रावणात वलयाच्या दोन रूपांचा, सुमारे ३६ टक्के अल्फा व ६४ टक्के बीटा, असा कारभार चालतो. वलयाचे नाव पुन्हा वेगळे. त्यात हेक्झॅनल जाऊन ऑक्सेन (पाच कार्बन आणि एका ऑक्सिजनचे वलय) येते आणि क्रमांकही बदलतात. तरी अल्डिहाइड ओळखणाऱ्या टॉलेन्सच्या चाचणीत परीक्षानळीच्या आत चांदीचा आरसा उमटतोच, कारण थोडीशी सरळ शृंखला खर्ची पडली की वलये उघडून तिची भरपाई करतात.

त्या आर-एसमध्ये आणखी एक गंमत. कार्बनवरच्या चार गटांना अणुक्रमांकानुसार मान द्यायचा; वरच्या तिघांचा फेरा घड्याळाच्या दिशेने गेला तर आर, उलटा गेला तर एस. पण सर्वांत कनिष्ठ गट आपल्याकडे तोंड करून असेल, तर आलेले उत्तर उलटे करायचे. अर्धे जण करत नाहीत आणि उरलेल्यांतले काही दोनदा करतात. प्रथिनांतली ग्लायसिन सोडून बाकी एल-अमिनो आम्ले एस असतात, असे पाठ करावे तर सिस्टीन आर निघते. तिचा आकार बाकीच्यांसारखाच. फक्त तिच्यातल्या गंधकाचा अणुक्रमांक ऑक्सिजनपेक्षा मोठा, म्हणून तिची बाजूची साखळी कार्बॉक्सिलच्या वर चढते आणि अक्षर बदलते.

नाव लिहून झाले की रचना झाकावी आणि नुसत्या नावावरून ती पुन्हा काढावी. '२,२-डायमिथाइलब्युट-२-ईन' (ईन म्हणजे दुहेरी बंध) असे काही लिहिले असेल, तर दुसऱ्या कार्बनवर पाच बंध काढावे लागतील, आणि कार्बनला चारच शोभतात. तेव्हा बंध खोडू नका, नाव खोडा.