वेग, वजन आणि बेलचे हत्ती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सौरभ,

प्रतिक्रिया झणझणीत आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार. तुमचं म्हणणं असं : लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीच्या रायफलची, अतिवेगवान गोळी मोठ्या जनावरावर वापरू नये, हे माझं मत जुनाट आहे, ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे मी विसरलोय, आणि ‘करामोजो’ बेलने तर ७ मिलिमीटरच्या रायफलने शेकड्यांनी हत्ती पाडले.

आधी बेल. आफ्रिकेत हजारावर हत्ती मारणाऱ्या या स्कॉटिश माणसाची आवडती रायफल .२७५ रिग्बी, म्हणजे ७ × ५७ माउझरचं काडतूस. कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास, लहान, मान्य. पण वेग? गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे ११ ग्रॅमच्या वर, आणि वेग सेकंदाला जेमतेम ७०० मीटर. आजच्या साध्या .२२३ रायफलची गोळी सुद्धा ९५० च्या पुढे पळते. बेलची गोळी लांबुळकी, गोल नाकाची, धातूच्या कवचाने पूर्ण मढवलेली होती. हत्तीच्या डोक्यात पोळ्यासारख्या पोकळ्यांचं जाड हाड असतं आणि मेंदू त्याच्या मागे, बराच आत. बेलने कवटी करवतून तो नेमका कुठे बसतो ते पाहून ठेवलं होतं. त्याला हवी होती न फुटता, न वळता तिथवर पोचणारी गोळी. तेव्हा बेलचे हत्ती तुमच्या नव्हे, माझ्या बाजूने साक्ष देतात!

आता भौतिकशास्त्र. १९३५ साली विंचेस्टरने .२२० स्विफ्ट बाजारात आणली : ४८ ग्रेनची, जेमतेम ३.१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे १२५० मीटर. तुमच्या सूत्राने ऊर्जा येते साधारण २४०० ज्यूल. बेलच्या गोळीची २७५० च्या आसपास. फार फरक नाही. आता त्याच आकड्यांवरून संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, काढा. स्विफ्टचा ३.९, बेलचा ७.८. सरळ दुप्पट. शिवाय स्विफ्टच्या गोळीचं जॅकेट, म्हणजे वरचं धातूचं कवच, पातळ. ती वुडचकसारख्या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी बनवलेली, लागताक्षणी फुटावी म्हणूनच. हरणाच्या फऱ्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटून मोठी पण उथळ जखम करते, आणि जनावर ती जखम घेऊन पळतं. ऊर्जा कागदावर तेवढीच, पण ती कुठे खर्च झाली? चामडीखाली दोन बोटांवर.

वेग निरुपयोगी आहे असं मी म्हटलेलंच नाही. गोळी सपाट जाते, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. उघड्या माळावर दूरच्या कोल्ह्यासाठी याहून चांगलं काही नाही. नळी लवकर झिजते, तो भाग वेगळा. आणि पन्नास पावलांवरच्या सशाला एवढ्या वेगाची गरजच नसते; तिथे ध्वनीपेक्षा किंचित हळू जाणारी .२२ रिमफायर, म्हणजे छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाची गोळी, पुरते. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा सगळा वाद कागदावरचाच, हे वेगळं सांगायला नको.)

मात्र तुमच्या बाजूचा खरा पुरावा तुम्ही दिलाच नाहीत. स्कॉटलंडला परतल्यावर याच बेलने लाल हरणांवर .२२० स्विफ्ट वापरली आणि तिची तोंडभरून स्तुतीही केली. मी हे असं वाचतो : गोळी हाड टाळून फुप्फुसात घालणारा नेमबाज असेल, तर तिथे फुटणारी गोळी जनावराला जागीच आडवं करते. पण नियम बेलसाठी करत नाहीत, आपल्यासारख्यांसाठी करतात. हरणांच्या शिकारीतल्या बंदुकांबद्दलच्या स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशात लाल हरणासाठी गोळी किमान १०० ग्रेनची हवी होती. तांब्याच्या गोळ्या शिशाच्या मानाने हलक्या, म्हणून २०२३ मध्ये ती अट ८० वर आणली. ४८ ग्रेनची स्विफ्ट दोन्ही वेळा नापास.

खूश व्हायचं असेल तर आणखी एक. त्याच आदेशात किमान वेगाचीही अट आहे, सेकंदाला २४५० फूट, म्हणजे सुमारे ७४७ मीटर. बेलची ती हत्तीवाली गोळी तिथे बसत नाही.